बोकड, वसतिगृह आणि रेल्वेची नोकरी

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात गावोगावच्या हॉकी स्पर्धेत जिंकणाऱ्या संघाला करंडकाऐवजी बोकड मिळतो. तिकडे नावच 'खस्सी टूर्नामेंट'. बोकड कापून अख्खा संघ जेवतो. स्टिक म्हणजे वाकवलेला बांबू, चेंडू बांबूच्याच मुळाचा, तासून गोल केलेला. मैदान खडबडीत, पाय बहुधा अनवाणी. ढेकळावर आपटून चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे नजर आणि मनगट आपोआप तयार होतं.

इथली हॉकी मिशनरी शाळांतून आली, पण टिकवली आदिवासी गावांनी. या खेळात मुलगी उतरली म्हणून कुणी नाक मुरडत नाही. बडकी छापर गावच्या, पुढे भारताकडून खेळलेल्या सलीमा टेटेला खेळाची गोडी लागली ती स्वतः हॉकी खेळणाऱ्या वडिलांमुळे.

वर्तमानपत्रांना मात्र गरिबीच जास्त भावते. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी सलीमाच्या घरी टीव्ही नव्हता, ही बातमी देशभर गाजली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते रांचीच्या बरियातूचं मुलींचं निवासी केंद्र. २००२च्या राष्ट्रकुल सुवर्णविजेत्या संघातली सुमराय टेटे, पुढे भारताची कर्णधार झालेली असुंता लाक्रा, २०१६ला रिओत खेळलेली खुंटी जिल्ह्यातली निक्की प्रधान, या तिघी तिथल्याच. पोटभर जेवण, शाळा, दोन वेळचा सराव आणि पुढे रेल्वेत नोकरीची आशा: घरच्यांनी मुलीला खेळू द्यायला आणखी काय लागतं? रेल्वेची ही वाट जुनीच. १९८२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, पुण्याची एलायझा नेल्सन, रेल्वेकडूनच खेळायची.

हरियाणातल्या शाहाबादची तऱ्हा वेगळी. तिथे सगळं उभं राहिलं ते बलदेवसिंग या एका कडक प्रशिक्षकाच्या जिवावर. टोकियोच्या संघात राणी रामपाल, नवजोत आणि नवनीत या तिघी त्याच गावच्या. असा माणूस निवृत्त झाला की पुढे काय, हा प्रश्न अशा गावांना कधीतरी पडतोच. आपल्याकडे फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघापर्यंत गेल्या, त्यातल्या वैष्णवीला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवलं. ही प्रबोधिनीही निवासीच.

अडचण येते ती मातीवरून टर्फवर जाताना. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात धावतो, कंबरेत वाकूनच खेळावं लागतं. बाराव्या वर्षी टर्फ मिळालेली आणि अठराव्या वर्षी मिळालेली, यांच्यातलं अंतर सहसा भरून निघत नाही. गावात बांबू फुकट मिळतो. टर्फ घालायला कोटींची रक्कम लागते.

रांचीत नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाने जपानला ४-० हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू सलीमा. पुढच्या जानेवारीत त्याच मैदानावर त्याच जपानने १-० हरवलं आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं. मे महिन्यात कर्णधारपद सलीमाकडे आलं.