टाके नसलेली लेणी

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून नालासोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट, म्हणजे तिथला जुना बौद्ध स्तूप, रिक्षाच्या अंतरावर आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तो उकरला, तेव्हा आतल्या दगडी करंड्यात बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आणि एकात एक बसवलेल्या डब्या निघाल्या. याच सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख खाडीपलीकडे कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत सापडतात.

त्या पलीकडच्या साष्टी बेटावर २०१५च्या सुमारास एक शोधमोहीम सुरू झाली. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे पुरातत्त्व केंद्र आणि साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग तिच्यामागे होते. डॉ. कुरुष दलाल आणि डॉ. सूरज पंडित यांच्यासारख्या अभ्यासकांबरोबर आजी-माजी विद्यार्थी आणि हौशी मंडळीही रानात आणि गावठाणांत फिरली. मंदिरांचे भग्नावशेष, वीरगळ, गधेगळ म्हणजे शापवाणीचे दगड, दगडी हत्यारे, जे दिसेल त्याची नोंद होत गेली.

लेण्याची नोंद म्हणजे आत टॉर्च मारून फोटो काढणे नव्हे. जागा आधी जीपीएसवर टिपायची. मग एकाने टेपचे टोक कोपऱ्यात दाबून धरायचे, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा, तिसऱ्याने लिहायचा. त्यावरून तळाचा नकाशा आणि उभा छेद काढतात. कपार निसर्गाने केलेली की माणसाने, हे छिन्नीच्या घावांवरून ओळखायचे. दाराच्या चौकटीची खोबण, भिंतीलगतचा ओटा, पाणी वळवणारी पन्हळ हे सगळे कागदावर यायला हवे. जे नाही, तेही लिहायचे.

या शेवटच्या सवयीचे मोल पुढे कळले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात या मंडळींना सात लेणी आढळली. २०१७ साली ती बातमी झाली. लेणी साधी, मुख्यतः भिक्खूंच्या निवासाची. पण कान्हेरीत विहारापाशी हटकून दिसणारे पाण्याचे टाके इथे नव्हते. बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. त्या दिवसांत ओढे भरून वाहतात, मग पाणी साठवायचे कशाला? म्हणून हे पावसाळी निवारे असावेत आणि साध्या घडणीवरून त्यांतले काही कान्हेरीहूनही जुने असावेत, असा अंदाज मांडला गेला. नुसते फोटो काढून परतलेल्याला हा प्रश्नच पडला नसता.

पश्चिम भारतातली लेणी मोजण्या-वाचण्याचे काम अशा गटांनी पूर्वीही केले आहे. १८४८ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली लेण्यांचा आयोग बसला. त्या कामात ब्राह्मी लेख लावायला विष्णुशास्त्री बापट होते. विद्वान साहेबांच्या आणि शास्त्र्यांच्या हातातले हे काम आज सर्वसामान्य विद्यार्थीही करू शकतो, हा मोठाच फरक. अट एवढीच की वनखात्याची परवानगी घ्यावी, पाड्यावरच्या माणसाचे ऐकावे आणि लेण्यातला दगडही हलवू नये.

वसई-विरारलाही हे लागू आहे. अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा तुकडा इथल्याच भुईगावात १९५६ साली मिळाला. इमारतींचे पाये रोज खणले जाणाऱ्या या पट्ट्यात साष्टीसारखी नोंद आधी झाली, तरच काय राखायचे हे सांगता येईल.