नियमांचा ग्रंथ एक, बैठका अनेक

डोंबिवलीत मालमत्ता कर भरणाऱ्या नागरिकाच्या हाती पडते ते केवळ देयक. परंतु त्या एका आकड्यामागे नियमांची मोठी रांग उभी असते. वास्तू राहण्याची की दुकानाची, स्वतःच्या वापरातली की भाड्याने दिलेली, मागील बाकी आहे की नाही, हे सारे पाहावे लागते. थकलेल्या करावर कायद्याने दरमहा 2 टक्के शास्ती चढते. आणि अभय योजना जाहीर झाली म्हणजे तिच्यातच सूट मिळते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांचा कर आज घरबसल्या संगणकावरून भरता येतो. असा हिशेब जावा भाषेतील वेब अ‍ॅप्लिकेशनने करावयाचा झाल्यास हे नियम ठेवावे कोठे?

ते प्रोग्रॅमच्या मजकुरातच विणले, तर प्रत्येक नव्या सवलतीसाठी सारी वीण उसवावी लागेल. म्हणून नियम निराळे लिहून ठेवतात व ते लावण्याचे काम ‘रूल्स इंजिन’ म्हणजे नियमयंत्राकडे सोपवितात. असंख्य नियमांतून लागू पडणारे तेवढे चटकन निवडण्याची ‘रेटे’ नावाची पद्धत चार्ल्स फॉर्गी यांनी 1979 च्या आपल्या प्रबंधात मांडली. रेटे म्हणजे लॅटिन भाषेत जाळे. ‘ड्रूल्स’ हे जावातील नियमयंत्र 2001 साली बॉब मॅकव्हर्टर यांनी सुरू केले व पुढे ते याच पद्धतीच्या पायावर उभे राहिले.

या यंत्राचे दोन भाग नीट ओळखले पाहिजेत. एक नियमसंग्रह, म्हणजे कचेरीतील नियमांचा ग्रंथ. दुसरे सेशन, म्हणजे कारकुनापुढील मेज. त्यावर एका प्रकरणाचे कागद मांडून ग्रंथातील नियम त्यांना लावावयाचे. ग्रंथ तयार करण्यास वेळ लागतो. मेज मांडण्यास फारसा लागत नाही.

ग्रंथ आणि मेज कारकुनाने स्वतः शोधून आणू नयेत. त्याने गरज सांगावी व शिपायाने त्या वस्तू पुढे आणून ठेवाव्यात. प्रोग्रॅमच्या रचनेतील या रीतीस ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी 2004 साली हे नाव रूढ केले व 2009 साली ती जावाच्या प्रमाणित नियमांत आली.

सोय मोठी खरी. पण धोका येथेच आहे. समजा, शिपायाने सर्वांपुढे एकच मेज ठेवले. फडके रोडवरील एका गृहस्थाच्या थकबाकीचा कागद त्यावर तसाच राहिला आणि पाठोपाठ टिळक रोडवरील बाईंचे प्रकरण आले. यंत्रास दोन्ही कागद दिसतात. बाईंच्या देयकात परक्याची शास्ती चढू शकते. यंत्र थांबत नाही, तक्रारही करीत नाही. चूक सुबक छापून बाहेर पडते. एकेक प्रकरण घेऊन चाचणी करणाऱ्यास ती दिसत नाही. मार्चअखेरीस गर्दी उसळली म्हणजे ती प्रकट होते, आणि न उचललेल्या कागदांनी संगणकाची स्मृतीही भरत जाते.

उपाय साधा आहे. नियमसंग्रह आरंभी एकदाच तयार करून सर्वांस सामाईक द्यावा. सेशन मात्र प्रत्येक विनंतीस नवे द्यावे व काम संपताच मिटवावे. ते इंजेक्शनने आले म्हणून आपोआप मिटेल, असे गृहीत धरू नये. मिटविण्याची आज्ञा स्पष्ट लिहावी. मागचे काही ध्यानात ठेवण्याची गरज नसेल, तेथे ‘स्टेटलेस’ सेशन वापरावे. ते काम होताच स्वतःच मेज झाडून ठेवते. नागरिकाच्या लॉगिनलाही वेबच्या भाषेत ‘सेशन’च म्हणतात, नाव एक असले तरी वस्तू निराळी, हा भेदही विसरू नये.

नियम सर्वांस सारखे असावेत, यात न्याय आहे. परंतु एकाचे कागद दुसऱ्याच्या प्रकरणात मिसळू नयेत, ही त्या न्यायाची पहिली अट होय.