पेनाचं अभ्यंगस्नान

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादं जुनं फाउंटन पेन निघतं आणि घरातल्या कुणाला तरी ते तिथल्या तिथे चकचकीत करायची हुक्की येते. मग काय, पेनाचं अभ्यंगस्नानच! तेल, उटणं, कढत पाणी. तेलानं शाई वाहायची थांबते, उटण्याच्या पुडीनं अंगावर चरे पडतात आणि कढत पाण्यात सेल्युलॉइड वाकडं होतं. इतक्या वर्षांच्या नादातून माझं एक मत पक्कं झालंय: जुनी पेनं म्हातारपणानं कमी मरतात, हौशी सफाईनं जास्त.

आमच्या नवी मुंबईत जुनं ते काय सापडणार, असं कुणी म्हणेल. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० ची. पण वाशी, नेरूळ, बेलापूरला कितीतरी बिऱ्हाडं आली ती गिरगाव-परळच्या चाळींतून, ट्रंकांसकट. त्यातलीच पेनं माझ्याकडे येतात.

इतिहास उरकून घेतो. वॉटरमनचं फाउंटन पेनाचं पेटंट १८८४ चं. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईची पूड आणि वड्या काढल्या, तेच पुढे कॅम्लिन. राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्या स्वदेशी पेनाला गांधीजींनी १९३५ मध्ये पत्रानं दाद दिली. विल्सन, एअरमेल ही तर मुंबईचीच नावं. मग बॉलपेन आलं आणि ही सगळी मंडळी खणात गेली. झालं.

आता कामाचं. पेन हाती आलं की आधी त्याची जात ओळखा. अंगठ्यानं जोरात घासून वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. त्याला उष्णता आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य, त्यामुळे हाताशी असलेलं सॅनिटायझर लांब ठेवा. केसीनचं पेन पाण्यात फुगतं, ते भिजवायचंच नाही. पार्कर ५१ चं अंग अॅक्रिलिकचं, पाण्याला न घाबरणारं. १९४८ पासूनच्या त्याच्या एअरोमेट्रिक प्रकारात आतल्या धातूच्या नळीवर सहा वेळा दाबायची सूचनाच कोरलेली असते. शाईऐवजी साध्या पाण्यात तसंच दाबत राहा. त्यातली पारदर्शक पिशवी सत्तर वर्षांनंतरही बहुधा शाबूत निघते. लिव्हरच्या पेनांतली रबरी पिशवी मात्र वाळून कडकडीत झालेली असते. लिव्हर ओढू नका, ते काम कारागिराचं.

पण माझा जीव जडलाय तो जिभेवर. निबेखालचा तो काळा तुकडा कुणी नीट पाहतच नाही. त्याच्यावर केसाएवढ्या बारीक खाचा असतात. त्यातून शाई खाली येते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते. ही देवघेव बिघडली की पेन एक तर कोरडं पडतं, नाही तर ओकतं. जुन्या जिभा एबोनाइटच्या, कारण त्यावर शाई छान पसरते. खाचांत वाळून बसलेली शाई सुईनं खरवडायची नाही. वाटीत निब बुडेल इतकंच पाणी घ्यायचं, साधं, खोलीच्या तापमानाचं. मोरबे धरणाचं नळाचं पाणी चालतं. टँकरच्या पाण्यात क्षार असले तर गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणावं.

निब बुडवली की थोडा वेळ काहीच होत नाही. मग निळाकाळा धागा सरळ खाली उतरतो आणि तळाशी पसरतो. हे बघत मी जेवणं विसरलोय. पाणी गडद झालं की बदलायचं आणि दिवसचे दिवस हेच करत राहायचं. बेलापूरच्या एका बाईंनी सासऱ्यांचं पेन आणलं होतं. ते कचेरीतलं, अशी घरची समजूत. वाटीत उतरली लाल शाई! मग त्यांना आठवलं, निवृत्तीनंतर सासरे मुलांच्या शिकवण्या घ्यायचे.

पाण्यानं भागलं नाही तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांड्याच्या साबणाचा थेंब. ते फक्त निब आणि जिभेपुरतं. शेवटी निब टिपकागदात गुंडाळून रात्रभर ठेवा, उरलंसुरलं तो शोषून घेतो.

एबोनाइटचं अख्खं पेन मात्र पाण्यात टाकू नये. उजेडानं आणि पाण्यानं ते तपकिरी-हिरवट पडतं. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, अशी पेनं घासून काळीभोर करून मांडलेली दिसतात. दिसतात देखणी, पण त्या घासण्यात अंगावर कोरलेलं नाव जातं. मला तपकिरी पण नाव असलेलं पेन केव्हाही प्यारं. क्लिपवर पितांबरीही नको. ती तांब्या-पितळेसाठी छान, पण इथला सोन्याचा मुलामा पातळ असतो.

खाडीकाठच्या पावसाळ्यात स्टीलच्या निबा गंजतात. पेनं कोरडी करून, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. रबरबँडनं जुडी बांधू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. ड्रॉपरनं भरायचं पेन निम्मं रिकामं असताना खिशात घालून हार्बर लाइनच्या गर्दीत शिरू नका. अंगाच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाई सदऱ्यावर येते.

वहीपूजनाला हळदकुंकू पेनापुढे वाहा, पेनावर नको; टोपणाच्या बारीक भोकात गेलेलं कुंकू सहजी निघत नाही. पूजा झाली की साधी धुता येणारी निळी शाई भरा. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई कधीच नको, तिच्यातली लाख जिभेत कायमची बसते. फराळाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्याच पेनानं लिहा. रोज चार ओळी लिहिणाऱ्या पेनाला माझ्या वाटीची गरज पडत नाही.