उबग आणि निब्बिदा : समाजमाध्यमांच्या संदर्भात एक विचार

पाली वाङ्मयात 'निब्बिदा' हा शब्द वारंवार येतो. संस्कृतातील 'निर्वेद' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. मराठीत त्यासाठी कोणी 'वैराग्य', कोणी 'उद्वेग', तर कोणी 'कंटाळा' असा प्रतिशब्द योजितात. यांपैकी 'कंटाळा' हा प्रतिशब्द आम्हांस सर्वांत घातक वाटतो. तो का घातक, हे स्पष्ट करण्याचा प्रसंग मावळातील परंदवडी येथे आला. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर काम करणारे काही तरुण धम्मचर्चेस बसले होते. त्यांतील एकाने विचारले, "सर, पाळी संपवून आलो की रात्री दोन-दोन तास मोबाईल बघतो. शेवटी वीट येतो, ॲप काढून टाकतो. चार दिवसांनी पुन्हा घेतो. हा वीट म्हणजेच निब्बिदा काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो एकट्याचा नाही. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले व खेडोपाडी पोहोचले. आता त्याच खेड्यांतून हा उबगही ऐकू येतो. परंतु प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. संयुत्त निकायाच्या निदानवग्गात उपनिसा सुत्त आहे. तेथे निब्बिदेचे स्थान पाहावे. श्रद्धेतून पामोज्ज, त्यातून पीती, मग पस्सद्धी, सुख, समाधी, समाधीतून यथाभूतञाणदस्सन, आणि त्यानंतर निब्बिदा असा तो क्रम आहे. म्हणजे निब्बिदा ही प्रसन्न, शांत आणि स्थिर झालेल्या चित्तास होते. वस्तू जशी आहे तशी दिसली म्हणून तिच्यापासून मन परतते. मध्यरात्री डोळे चुरचुरत असताना येणारा वीट या क्रमात कोठेच बसत नाही. त्यास पालीत 'अरति' किंवा 'उक्कण्ठिता' हे शब्द आहेत. अरति झालेले चित्त विषय सोडीत नाही, दुसरा विषय मागते. ॲप चार दिवसांनी परत का येते, याचे उत्तर येथे आहे. कंटाळ्यालाच निब्बिदा म्हटले, तर दर आठवड्यास आपण विरक्त झालो असे वाटू लागेल, आणि यातच त्या प्रतिशब्दाचा घातकपणा आहे.

मग वस्तू 'जशी आहे तशी' पाहायची म्हणजे काय पाहायचे? येथे दुसरी एक संज्ञा उपयोगी पडते, ती 'तिरच्छानकथा'. दीघ निकायातील ब्रह्मजाल व सामञ्ञफल या सुत्तांत तिची लांबलचक यादी आहे. राजांच्या गोष्टी, चोरांच्या, महामात्यांच्या, सैन्याच्या, भयाच्या, युद्धाच्या. अन्न, पान, वस्त्र, माळा, सुगंध यांच्या. नातेवाईकांच्या, वाहनांच्या, गावांच्या आणि शहरांच्या गोष्टी. पुढे 'विसिखाकथा' म्हणजे गल्लीतील गप्पा आणि 'कुम्भट्ठानकथा' म्हणजे पाणवठ्यावरच्या गप्पा येतात. मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याने सरकत जाणारी चित्रमालिका ज्याने पाहिली आहे, त्यास या यादीचे वेगळे स्पष्टीकरण नको. नेत्यांची भांडणे, गुन्ह्यांच्या बातम्या, युद्धाची दृश्ये, पाककृती, नवी मोटार, कोणाच्या तरी लग्नातील कपडे. पाणवठा मात्र आता खिशात आला आहे.

'तिरच्छान' याचा अर्थ पशू असा केला जातो, आणि त्यावरून 'पशूंसारखी बडबड' असे भाषांतर होते. अट्ठकथाकारांचे स्पष्टीकरण अधिक सूक्ष्म आहे. जी कथा वाटेने पुढे न जाता आडवी जाते, मार्गातून बाहेर काढीत नाही, ती तिरच्छानकथा. त्याच अट्ठकथेत आणखी एक मुद्दा आहे व त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. एवढा प्रतापी राजा, तोही नाश पावला, अशा रीतीने राजाची गोष्ट निघाली तर ती तिरच्छानकथा राहत नाही, कम्मट्ठान होते. दोष विषयात नसून कथेच्या दिशेत आहे. त्यामुळे राजकारणाची बातमी पाहणे म्हणजे पाप, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. बहुजन समाजाने तर तो मुळीच काढू नये. ज्यांच्यावरील अत्याचारास वर्तमानपत्रांत चार ओळींचीही जागा मिळत नसे, त्यांचा आवाज या माध्यमांनी काही प्रमाणात जगापुढे नेला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

याच्या उलट बाजूस अंगुत्तर निकायाच्या दसक निपातातील प्रसंग आहे. सावत्थी येथे उपस्थानशाळेत भिक्खू अशाच गप्पांत रंगले असता तथागत तेथे येतात आणि बोलण्याजोगे दहा विषय सांगतात : अल्पेच्छता, संतुष्टी, प्रविवेक, असंसर्ग, वीर्यारंभ, शील, समाधी, प्रज्ञा, विमुक्ती आणि विमुक्तिज्ञानदर्शन. ते भिक्खूंना नुसते गप्प बसवीत नाहीत, काय बोलावे हेही सांगतात. ॲप काढून टाकणाऱ्या आमच्या तरुणाजवळ रिकामा झालेला वेळ होता. त्या वेळेत घालण्यास त्याच्याजवळ काही नव्हते.

माध्यमांविषयीचा हा भ्रमनिरास महाराष्ट्रास नवा नाही. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय पत्रकारितेवर कठोर टीका केली. एकेकाळचा पेशा आता व्यापार झाला आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता, आणि त्यांनी तिची तुलना साबणाच्या उत्पादनाशी केली. परंतु त्यांनी वर्तमानपत्र या साधनाचा त्याग केला नाही. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही नावे त्याची साक्ष देतात.

वेळेचा अपव्यय ही लहान हानी होय. मोठी हानी असत्याची आहे. भगवान बुद्धांचे चित्र आणि त्याखाली त्यांच्या नावावर एखादे सुभाषित, असे संदेश दररोज सकाळी विहारांच्या व्हॉट्सॲप गटांत येतात. त्यांतील पुष्कळांचा तिपिटकात कोठेही आधार नाही. एक संदेश तर कालाम सुत्ताच्या नावाने फिरतो : तुमच्या बुद्धीस व तर्कास पटेल तेवढेच खरे माना. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील मूळ सुत्त उघडून पाहावे. केसमुत्त गावच्या कालामांची अडचण आजच्यासारखीच होती. गावात येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण स्वतःचे मत उजळून सांगे आणि दुसऱ्याचे तुडवी. तेव्हा ज्या दहा आधारांवर विसंबू नये असे तथागत सांगतात, त्यांत अनुस्सव आणि परंपरा आहेत, त्याचप्रमाणे तक्कहेतु आणि नयहेतु, म्हणजे निव्वळ तर्क व अनुमान, हेही आहेत. फिरणारा संदेश मूळच्या बरोबर उलट बोलतो. सुत्तातील कसोटी अशी : ही गोष्ट अकुशल आहे काय, सुज्ञांनी निंदिलेली आहे काय, लोभ, द्वेष, मोह वाढवून अहितास नेते काय, हे स्वतः जाणावे.

त्या दहांत 'इतिकिरा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'असे म्हणे'. एवढ्याशा शब्दात केवढे भय दडले आहे, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. संदेशाच्या प्रती कमी झाल्या. परंतु 'असे म्हणे' यावर विसंबण्याची सवय यंत्रास कशी कमी करता येणार? ती कसोटी वाचणाऱ्यापाशीच हवी.

ती कसोटी महापरिनिब्बान सुत्तात आहे, चार महापदेसांच्या रूपाने. हे मी भगवंतांच्या तोंडून ऐकले, संघाकडून ऐकले, अनेक थेरांकडून ऐकले, एका थेराकडून ऐकले, असे कोणी म्हणाले तर त्याचे अभिनंदनही करू नये, धिक्कारही करू नये. शब्द नीट ध्यानात घ्यावेत आणि सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. न जुळल्यास सोडून द्यावेत. 'फॉरवर्ड' करण्यापूर्वी मधला हा थांबा फार मोलाचा आहे.

ऐकलेल्याची जबाबदारी कोणी तरी घ्यावी लागते, हे मावळच्या लेण्यांतही कोरलेले आहे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावरील लेखात सोपाऱ्याच्या सातिमित या दात्याचे नाव येते आणि तो धम्मोत्तरीयांचा 'भाणक' असल्याचे सांगितले आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून पुढील पिढीस देणारा. पाठांतराच्या त्या काळी तोच ग्रंथ आणि तोच ग्रंथालय. मात्र भाणकांकडूनही चूक होऊ शके. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा मुद्दा स्पष्टपणे मांडला आहे. तथागतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास झाल्याची उदाहरणे असलेल्या पाच सुत्तांचा ते निर्देश करतात. बुद्धवचन म्हणून जे सांगितले जाते ते बुद्धिसंगत आहे काय, मानवाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे काय, असे तपासण्यास ते सांगतात. परंपरेने हाती आलेले वचन पारखण्यासाठी ही दृष्टी आहे. आपणास आवडलेले वाक्य बुद्धांच्या नावावर घालण्याचा परवाना तीतून मिळत नाही.

त्या पाचांतील अलगद्दूपम सुत्त समाजमाध्यमांवर हिरिरीने वाद घालणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी अवश्य वाचावे. दुसऱ्यास दोष देता यावा आणि वादातून सुटता यावे, एवढ्यासाठीच जे धम्म शिकतात, त्यांना तेथे सापाला शेपटीकडून धरणाऱ्याची उपमा दिली आहे.

आता वाचावे काय आणि कसे? विसंगती अशी की, ज्या आंतरजालाचा उबग आला त्यावरच अवघे तिपिटक देवनागरीत विनामूल्य आहे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या छट्ठ संगायनाची संहिता इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ मध्ये सीडीच्या रूपाने आणली, आणि पुढे ती आंतरजालावर आली. आमच्या विद्यार्थिदशेत एकेका खंडासाठी ग्रंथालयात ताटकळावे लागे. तेव्हा प्रश्न उपलब्धतेचा राहिलेला नाही, वाचनाच्या रीतीचा आहे. बहुश्रुताचे वर्णन करताना सुत्तांत पाच पायऱ्या येतात : ऐकलेले, धारण केलेले, वाणीने घोटलेले, मनाने चिंतिलेले आणि दृष्टीने भेदून पाहिलेले. पडद्यावर पहिली पायरी दिवसातून शंभर वेळा चढता येते. दुसरीसाठी थांबावे लागते, तिसरीसाठी तर तोंड उघडावे लागते.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत होणारे ग्रंथवाचन या दृष्टीने पाहावे. एक उपासिका मोठ्याने वाचते, बाकीचे ऐकतात, अडखळलेला शब्द कोणी तरी सांगतो. वाणीने घोटण्याची पायरी तेथे आजही जिवंत आहे. परंदवडीच्या तरुणांना आम्ही सुचविले ते एवढेच की, येत्या वर्षावासात ठरलेले ग्रंथवाचन झाल्यावर आठवड्यातून एक दिवस एकच लहान सुत्त घ्यावे, प्रथम कालाम, मग दहा विषयांचे. एकाने पाली वाचावे, दुसऱ्याने मराठी अर्थ सांगावा, आणि त्या आठवड्यात गटावर आलेले एखादे बुद्धवचन मूळ सुत्ताशी ताडून पाहावे. पहिल्या बैठकीसाठी कोणते वचन घ्यावे, यावर त्यांच्यात तेथेच वाद सुरू झाला.