भीमेचे पाणी कुठे जाते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फारसीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तोच शब्द उर्दूत आला आणि नदी झाला. मराठीत आला तो मात्र समुद्र होऊनच. त्यामुळे आमच्या घरात कुणी ‘दर्या को बाढ आयी’ म्हटले, की भीमेला पूर आलेला असतो आणि शेजारच्या काकांना वाटते, मुंबईला काहीतरी झाले! शब्दांच्या अशा गमती कवीला आवडतातच. पण समुद्रशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत जे काम केले आहे ते वाचले, की नदी आणि समुद्र यांना एकच शब्द वापरण्यात निव्वळ गंमत नाही, हे लक्षात येते.

शिरूर आणि दौंड हे तसे समुद्राशी काही देणेघेणे नसलेले तालुके. ऊस, कांदा, रेल्वे, एमआयडीसी हे आपले विषय. भीमाशंकरला भीमा उगम पावते ती अरबी समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत. पण ती समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा तिला मिळते, आणि तिच्याबरोबर पुणे आणि पिंपरी-चिंचवडही येतात असे म्हणायला हरकत नाही. शिरूरच्या अंगाने आलेली घोडही पुढे भीमेतच मिसळते. मग दौंड, उजनी, पंढरपूर असे करत ८६१ किलोमीटरचा प्रवास संपवून भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा ते पाणी श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा असे करत हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते.

शाळेतला भूगोल इथे थांबतो. नदी समुद्राला मिळाली, पूर्णविराम. समुद्रशास्त्राची सुरुवात या पूर्णविरामानंतर होते.

१९६० ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. त्या मोहिमेतून आपल्याकडे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला इथे आहे. या संस्थेपुढे प्रश्न मोठा होता, कारण आपला समुद्र जगावेगळा आहे. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम बारा महिने एकाच दिशेला वाहतो. आपल्याकडे मात्र किनाऱ्यालगतचे प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतात. अरबी खलाशांना वाऱ्यांचे हे फिरणे ठाऊक होते. त्यांच्या ‘मौसिम’ या शब्दावरूनच आपले मोसमी वारे आले आणि इंग्रजांचा मान्सूनही. पण वारा कळला म्हणजे पाणी कळले असे नाही.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे जातो. हे समजायला अलीकडचे एक उदाहरण पुरे आहे. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज सहाशे चाळीस कंटेनर घेऊन बुडाले. त्यात प्लॅस्टिकचा कच्चा माल होता, साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. ते केरळच्या किनाऱ्यावर तर आलेच, पण दक्षिणेला सरकत सरकत कन्याकुमारीपर्यंत गेले आणि पुढे श्रीलंकेच्या किनाऱ्यालाही लागले. माल कुणाचा, जहाज कुणाचे, आणि वाळूतून दाणे वेचायची वेळ आली ती कुणावर! मुंबईत भरतीचा खेळ निराळा. तिथे मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि मरीन ड्राइव्हवर समुद्र शहराचाच कचरा शहराच्या अंगावर फेकतो. खाडीत ओहोटीबरोबर गेलेली घाण पुढच्या भरतीला परत येते, म्हणून खाडी सहजासहजी धुऊन निघत नाही.

हिवाळ्यात प्रवाह उलटतो, आणि इथे एक कोडे होते. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर वारा साधारण उत्तरेकडून येतो. म्हणजे पाणी दक्षिणेला ढकलले जायला हवे. प्रत्यक्षात ते उत्तरेला जाते, चक्क वाऱ्याच्या विरुद्ध! डॉ. सतीश शेट्ये (ते २००४ ते २०१२ या काळात संस्थेचे संचालक होते) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात या कोड्यावर बरेच काम केले. उत्तर सापडले ते दूर बंगालच्या उपसागरात. तिथला वारा समुद्राला जो धक्का देतो, त्याची लाट किनाऱ्याला धरून निघते, पूर्व किनाऱ्याने खाली येते, श्रीलंकेला वळसा घालते आणि पश्चिम किनाऱ्याने वर चढते. ही डोळ्यांना दिसणारी लाट नव्हे. तिची उंची काही सेंटिमीटरची, पण लांबी शेकडो किलोमीटरची. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात अशी लाट किनारा उजव्या हाताला ठेवूनच चालते. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो, अगदी तसे. दक्षिण गोलार्धात तीच लाट किनारा डाव्या हाताला ठेवते. काब्याभोवतीचा तवाफ असाच, काबा डाव्या हाताला ठेवून असतो. निसर्गाला दोन्ही पद्धती चालतात.

लाटेबरोबर फक्त धक्का जातो. पाणीही जाते ते प्रवाहाबरोबर. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या साऱ्या नद्या बंगालच्या उपसागरात गोडे पाणी ओततात. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असते. उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर ते तिसाच्याही खाली येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत हे कमी खारट पाणी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला वाहते. त्यातला काही भाग श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरतो आणि केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याने उत्तरेला येतो. मिठाचे प्रमाण मोजून शास्त्रज्ञ त्याला ओळखतात. म्हणजे भीमेने ज्या समुद्राकडे पाठ फिरवली, त्याच्याच दारात तिचे चार थेंब एवढा फेरा घालून येऊ शकतात. चारच म्हणायचे, कारण या गोड्या पाण्यात सिंहाचा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा आहे. शिवाय कृष्णेच्या खोऱ्यात इतकी धरणे आहेत, की २००१ ते २००४ च्या दुष्काळी वर्षांत तिचे पाणी समुद्रापर्यंत जेमतेम नावाला पोहोचले.

आता या पाण्यातून काय जाते ते पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, देशात सर्वांत जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. शहरांचे मैलापाणी आणि शेतातले खत या दोन्हींत नत्र आणि स्फुरद असते. उसाला घातलेला सगळा युरिया उसाच्या पोटात जात नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तो पाण्याबरोबर उतरतो आणि उजनीत पोहोचतो. तिथे त्यावर शेवाळ माजते. पाणी हिरवे होते. हे शेवाळ मेले की ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मग माशांना श्वास पुरत नाही. उजनीत चिलापी उदंड आणि जुने गावरान मासे दुर्मीळ, असे तिथले मच्छीमार सांगतात. त्याची कारणे अनेक आहेत, पण पाणी हे त्यातले एक.

समुद्रातही गणित हेच आहे, फक्त आकडे मोठे. पश्चिम किनाऱ्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये खोल समुद्रातले कमी प्राणवायूचे पाणी वर येऊन किनाऱ्यालगत पसरते. हे नैसर्गिक आहे आणि जुनेही आहे. पण डॉ. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की ही अवस्था तीव्र होत चालली आहे, आणि जमिनीवरून येणाऱ्या नत्राचा त्यात हात असावा. अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायूही बाहेर पडतो.

आपले पाणी जाते तो बंगालचा उपसागर याहून नाजूक स्थितीत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यात नक्वीही होते, असे आढळले की उपसागरात साधारण शंभर ते चारशे मीटर खोलीवर प्राणवायूचा फक्त मागमूस उरला आहे. पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट कमी! गंमत अशी, की तेवढ्या मागमुसावर सगळे तोलून धरलेले आहे. तो संपला, तर जीवाणू पाण्यातले नत्र मोठ्या प्रमाणावर वायुरूपाने उडवून लावतील, आणि त्याच नत्रावर समुद्रातली सारी अन्नसाखळी उभी आहे. नद्यांतून येणारे खत आणि मैला वाढला तर हा तोल जाऊ शकतो, असा इशारा त्याच शास्त्रज्ञांनी दिला आहे.

हे प्रवाह मोजतात कसे, असे तुम्ही विचाराल. दौंडकरांना ते पटकन समजेल. फलाटाकडे येणाऱ्या गाडीची शिटी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की तीच शिटी जाड होते. समुद्रात तारेला बांधून सोडलेले एक यंत्र असाच आवाज पाण्यात सोडते. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवर आणि जीवांवर आदळून तो परत येतो. परतलेला सूर चढला की उतरला, त्यावरून पाणी जवळ येते आहे की दूर जाते आहे, आणि किती वेगाने, ते कळते. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर संस्थेने अशी यंत्रे वर्षानुवर्षे सोडून ठेवली आहेत. ठरावीक काळाने जहाज जाऊन ती वर काढते. कधी मच्छीमारांच्या जाळ्यात तार सापडते आणि यंत्रासकट वर्षभराच्या नोंदी जातात.

या नोंदींतून हाती आलेले वेळापत्रक उजनीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. भरपूर पावसाच्या वर्षी, जसे २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाले, धरणाचे दरवाजे उघडतात आणि साठलेले हिरवे पाणी खाली निघते. आणि ऑक्टोबरात पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो. पुढची गाडी कशी मिळते, हे दौंडला मनमाडसाठी गाडी बदलणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.