जुन्या गाडीला बॅटरी किती मोठी?

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या एका शिक्षकमित्राकडे जुनी मारुती ८०० आहे. जानेवारीच्या गारठ्यात सकाळी किल्ली फिरवली की ती नुसती ‘टक्’ आवाज करून गप्प बसू लागली. बॅटरी पाच वर्षांची झाली होती. गॅरेजवाला म्हणाला, “ह्या वेळी मोठी टाका, काळजी मिटेल.” शेजारी म्हणाले, “मोठी टाकाल तर स्टार्टर जळेल.” यांपैकी खरे कोणाचे?

बॅटरीचा आकार ठरवताना दोन प्रश्न विचारायचे असतात. विद्युतधारा किती हवी? आणि ती किती वेळ हवी? वीजकेंद्रातही मोठमोठ्या बॅटऱ्या असतात. सगळा वीजपुरवठा अचानक बंद पडला, तर थांबत जाणाऱ्या टर्बाइनच्या बेअरिंगना तेल मिळत राहावे म्हणून एक पंप बॅटरीवर चालतो. तिथे बराच वेळ वीज पुरावी लागते. मोटारीचे उलट आहे. धारा प्रचंड लागते, पण दोनतीन सेकंदच.

मारुती ८०० च्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तास असे लिहिलेले असते. ३५ अँपिअर-तास म्हणजे सामान्यतः १.७५ अँपिअर धारा २० तास. ३५ अँपिअर धारा मात्र पूर्ण तासभर मिळत नाही. धारा जास्त घेतली की एकूण साठाही कमी हाती लागतो.

आता हिशेब करू या. गाडी सुरू करताना समजा १०० अँपिअर धारा २ सेकंद लागली. म्हणजे २०० अँपिअर-सेकंद. ३६०० ने भागले की सुमारे ०.०५६ अँपिअर-तास. ३५ च्या पाचशेव्या भागाहूनही कमी! मग अडले कुठे?

अडते ते अंतर्गत रोधापाशी. बॅटरीतील शिसे-आम्ल घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असते. असे सहा घट एकसर जोडले की १२.६ व्होल्ट होतात. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला, तर १०० अँपिअरला ओहमच्या नियमाने १ व्होल्ट आतच खर्ची पडतो आणि स्टार्टरला ११.६ मिळतात. जुनी होताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते, पट्ट्या झिजतात. रोध ०.०४५ ओहम झाला, तर स्टार्टरला जेमतेम ८ व्होल्ट उरतात. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातील तेलही घट्ट होते. बॅटरीचे खरे नुकसान बहुधा उन्हाळ्याच्या उष्णतेने केलेले असते. जानेवारी ते फक्त उघड करतो.

आता शेजाऱ्यांची भीती पाहू. पाण्याची टाकी रुंद केली म्हणून नळाचा दाब वाढत नाही. टाकी उंचावर नेली तर वाढतो. व्होल्ट म्हणजे उंची, अँपिअर-तास म्हणजे टाकीतले पाणी. ३५ ऐवजी ४५ अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टर जाळत नाही. व्होल्ट मात्र तेच हवेत. काही फार जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असत, तिथे १२ व्होल्ट चालणार नाहीत.

गॅरेजवाल्याचा सल्लाही अपुराच. अल्टरनेटर नीट भरत नसेल किंवा गाडी बंद असतानाही कुठे वीज झिरपत असेल, तर मोठी बॅटरी दुखणे चार दिवस पुढे ढकलते, एवढेच. शिवाय बॅटरी ट्रेमध्ये बसली पाहिजे आणि पट्टीने घट्ट आवळता आली पाहिजे. उंच बॅटरीची टोके बॉनेटला टेकली तर शॉर्टसर्किट होईल. धन आणि ऋण टोके चुकीच्या बाजूंना आली तर केबल पोहोचत नाही. बॅटरीवरचा ‘३८बी२०एल’ सारखा संकेत इथे उपयोगी पडतो. ३८ हा क्षमतेचा दर्जा, ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये सुमारे लांबी, आणि ‘एल’ म्हणजे टोकांची मांडणी. इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला लावू नये. तिच्या पट्ट्या जाड असतात, हळूहळू दीर्घकाळ वीज देण्यासाठी. गाडीच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात, त्यामुळे क्षणभर मोठी धारा मिळते.

मित्राने खरेदीपूर्वी मल्टिमीटरने तीन मोजमापे केली. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट. किल्ली फिरवताना ८ व्होल्ट, साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. दुसऱ्या गाडीच्या केबलने इंजिन सुरू केल्यावर, ती केबल काढून, १४.१ व्होल्ट; १३.८ ते १४.४ योग्य. म्हणजे अल्टरनेटर ठीक, दोष बॅटरीचा. त्याने पूर्वीच्याच मापाची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली. बसवताना आधी ऋण तार काढली आणि शेवटी तीच जोडली. जुनी बॅटरी दुकानात परत दिली, कारण शिसे विषारी आहे आणि ते पुन्हा वापरता येते.

ही मोजमापे नववी-दहावीच्या मुलांकडून करून घेण्याजोगी आहेत. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक लावून उभी करावी. मीटर व्होल्टवरच ठेवावा. अँपिअरवर ठेवून टोकांना लावल्यास तो जळेल. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी नको. मग मुलांना विचारावे : मीटर १२.५ व्होल्ट दाखवत असतानाही गाडी का सुरू होत नाही?