सर्व्हर म्हणतो 'फाइल करप्ट'! दुरुस्तीआधी हे करा

आपल्या पिंपळगाव बसवंतला मार्केट यार्डात आवक वाढली की खत-औषधाच्या दुकानातही उधारीची बिलं धडाधड फाटतात. त्याच दिवसांत लाइट जाते, यूपीएस दगा देतो आणि सर्व्हरवरचा टॅलीचा डेटा उघडेना होतो. मेसेज येतो, फाइल करप्ट आहे, वाचता येत नाही. 'सर्व्हर' म्हणजे काय, तर आतल्या खोलीतला साधा पीसीच!

आधी त्या पीसीवर बसून तेच फोल्डर उघडा. तिथं उघडलं आणि काउंटरवरच अडलं, तर गडबड वायर, स्विच नाहीतर परमिशनची. डिस्कला हात लावायचं कारण नाही. तिथंही तोच मेसेज आला, तर फाइल सिस्टिम बिघडलीय असं धरा. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कची खतावणी, कोणती फाइल कुठं ठेवलीय याची नोंद. लाइट गेली तेव्हा ती अर्धवट राहिली. विंडोजची एनटीएफएस ही खतावणी बरेचदा स्वतःच सावरते; पण फाइलच्या आतल्या मजकुराची हमी देत नाही. म्हणून डिस्क ठीक दिसते, तरी टॅलीत कंपनी उघडत नाही.

सगळ्या काउंटरवरची बिलिंग थांबवा. 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं तर कॅन्सल. डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नव्या नावानं कॉपी करा, जुन्या बॅकअपवर अजिबात नाही. डिस्क खटखट वाजत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा.

कॉपी झाल्यावरच चेकडिस्क. ही कमांड नेटवर्क ड्राइव्हवर चालत नाही, सर्व्हरवर बसूनच द्यावी लागते. नुसती दिली तर फक्त तपासते. पुढे 'स्लॅश एफ' जोडलं की दुरुस्ती करते. दुरुस्तीत कधी फाइलचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, आणि त्यातून टॅलीचा डेटा परत जुळवणं अवघडच. कॉपी आधी घ्यायची ती यासाठी.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात, त्यामुळे 'नव्यानं कंपनी उघडू' हा सल्ला महागात पडतो. बॅकअप रिस्टोअर करा, मग त्यानंतरची बिलं बिलबुकावरून भरा. उधारीची आधी, रोखीची मागून.